तिसरी काठी

"झालो उलटो," मथुरा म्हणाली. "लाव घड्याळ."

मी स्टॉपवॉचचं बटण दाबलं. आम्ही दोघी ओल्या वाळूवर उकिडव्या बसलो होतो आणि मध्ये पितळेची परात होती. परातीत चार बोटं समुद्राचं पाणी, खाली वाळूचा थर, आणि त्यावर तळहाताएवढा राखाडी तारामासा पोट वर करून पडलेला. मथुरानेच त्याला उताणा केला होता. त्याचे पाचही हात चाचपडायला लागले. एक डावीकडे वळला, दुसरा उजवीकडे, तिसरा नुसताच हवेत उचलला गेला. बराच वेळ हा गोंधळ चालला. मग शेजारशेजारच्या दोन हातांची टोकं वाळूला टेकली आणि तिथेच घट्ट रुतली. बाकीचे तीन हात इतका वेळ आपापला हट्ट धरून होते, त्यांनी तो सोडून दिला. सगळा मासा त्या दोघांच्या अंगावरून कोलांटी घेऊन सरळ झाला.

"एक मिनिट बावीस सेकंद. कुठले हात?"

"दोन नि तीन," मथुरा म्हणाली.

तारामाशाच्या पाठीवर एका बाजूला बारीक पांढरट ठिपका असतो, तिथून हात मोजायचे. हे मी तिला एकदाच सांगितलं होतं. आठवड्याभरात ती माझ्याआधी सांगायला लागली. शाळेत चौथीपर्यंतच गेलेली, पण नजर अशी की आमच्या प्रयोगशाळेत असती तर दोघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. त्यातली एक माझी.

हे १९८३ सालातलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, मुंबईच्या एका कॉलेजातून पीएचडीच्या कामासाठी मालवणच्या बाजूला येऊन राहिले होते. वाडीचं नाव सांगत नाही, तिथे अजून त्यांची माणसं आहेत. इतकी वर्षं ही गोष्ट एका माणसापासून लपवायची होती. तो गेल्या श्रावणात गेला, म्हणून लिहायला बसले आहे.

माझ्या सरांचं म्हणणं असं की तारामाशाच्या पाच हातांत एक पुढारी हात असतो, तो चालतो तिकडे बाकीचे जातात. हे खरं की खोटं, ते मला शोधायचं होतं. त्यासाठी उधाण असेल तेव्हा ओहोटीला बायकांबरोबर जुव्यावर जायचं. खाडीच्या मुखाशी वाळूचा एक लांबट उंचवटा होता, उधाणाच्या दिवसांत ओहोटीला तो चार तास उघडा पडायचा, त्याला बायका जुवा म्हणत. त्या तिथे तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, गोळा करत. तारामासेही तिथेच, कारण तेही तिसऱ्याच खातात, शिंपल्यासकट गिळतात. बायका त्यांना चांदणी म्हणत, पण त्यांच्यावर राग धरून असत. मी ते मासे परातीत घेऊन कुरवाळत बसते हे पाहून पहिल्या दिवशी त्या पोट धरधरून हसल्या होत्या.

चौघी असायच्या. गोदीकाकी, साठीची, अंगाने काटक, बोलायला कमी. तिची सून मथुरा, माझ्याच वयाची. आणि आनंदी आणि इंदू या दोघी जावा, शेजारच्या घरातल्या. मी पाचवी.

"कुंदाबाय, ह्येका डोक्या खंय असा?" मथुराने विचारलं.

"डोकं नाही."

"डोक्या नाय?" ती परातीत वाकली. "मगे ह्यो चलता कसो? कोण सांगता ह्येका?"

मी सांगितलं. तोंडाभोवती नसांचं एक कडं असतं, त्यातून प्रत्येक हातात एक दोरी जाते. पण कड्याला स्वतःचं काही मत नसतं, ते फक्त एकाचं दुसऱ्याला कळवतं. हाताखाली शेकडो मऊ पाय असतात आणि टोकाला एक लाल ठिपका, तोच डोळा. त्याला उजेड आणि सावली एवढंच कळतं. एखाद्या हाताला वास लागला किंवा पाय रोवायला जागा मिळाली, की तो ओढायला लागतो. त्याचं ओढणं जोरदार असलं तर बाकीचे गप्प बसतात आणि त्याच्या मागे जातात. थोड्या वेळाने दुसऱ्याला काही सापडलं तर तो पुढे.

"म्हणजे पुढारी कोण नाय."

"अडीचशे वेळा मोजलं. कायमचा कोणीच नाही. सरांना आवडणार नाही."

मथुरा हसली. "तुज्या सरांका हंय घेवन ये. आमी जुव्यार येताना काय करतंव? जेचो पाय लागलो, तेचा बाकीच्यांनी आयकाचा. ह्या चांदणेक कळता, तुज्या सरांका नाय?"

ती म्हणत होती ते खरंच होतं. जुवा आणि किनारा यांच्यामध्ये खाडीचा एक फाटा होता, शंभर-सव्वाशे पावलांचा. त्याचा तळ दर उधाणाला बदलायचा. काल जिथे घट्ट वाळू होती तिथे आज कमरेएवढा खड्डा. म्हणून वाट दाखवणारी अशी कोणी नसायची, गोदीकाकीसुद्धा नाही. बायका एका ओळीत, एकमेकींच्या शेजारी उभ्या राहत, मनगटं धरत आणि तशाच आडव्या ओळीने पाण्यात शिरत. पायांनी चाचपायचं. जिला घट्ट तळ लागेल तिने "हंय!" असं ओरडायचं, की सगळी ओळ तिच्याकडे झुकायची. सासू असो की सून, वयाचा मान तिथे नव्हता. मी पहिल्या दिवशी गोदीकाकीला विचारलं होतं, "वाट कोणाला माहीत आहे?" ती म्हणाली, "वाट कोणाक ठावक नाय. पायाक ठावक."

आणि बोटं धरायची नाहीत, मनगट धरायचं, तेही दोघींनी एकमेकींचं. म्हणजे एकीची पकड सुटली तरी दुसरीची राहते. माझा हात पहिल्यांदा काकीनेच असा धरून दाखवला होता. तिच्या बोटांचे वळ दिवसभर माझ्या मनगटावर होते.

मी शिकलेली. मला हे सगळं फार गोड वाटायचं आणि थोडं मागासही. रोज असं आंधळ्यासारखं चाचपायचं कशाला? पौर्णिमेच्या उधाणाला मी एक दिवस दोरी आणि मापाची पट्टी घेऊन फाट्यात उतरले, सगळ्यात उथळ रेघ शोधली आणि तिच्यावर पाच बांबूच्या काठ्या ठोकल्या. प्रत्येकीच्या टोकाला लाल चिंधी. वाडीतली माणसं कौतुकाने बघायला आली होती. गोदीकाकीने एका काठीला हात लावून हलवून पाहिलं आणि "घट असा" एवढंच म्हणाली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी अमावास्या आली. तिच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पहाटे निघालो. ओहोटीचं पाणी अजून उतरतच होतं. ओळ धरून सरकताना मला दिसलं की आम्ही माझ्या काठ्यांवरून चाललोच नाही आहोत, वीसेक पावलं वरच्या अंगाने चाललो आहोत. तिसऱ्या काठीच्या बुडाशी पाणी काळं दिसत होतं आणि तिथे भोवरा फिरत होता. जुव्यावर पोचल्यावर मी वहीत लिहिलं : "काठी क्र. ३, पाणी खोल, तपासणे." तपासणे म्हणजे नंतर कधीतरी. मग मी परात मांडली.

साडेसातला काकी म्हणाली, "चला, भरती लागली."

"दोनच अजून, काकी," मी म्हणाले. "दोन झाले की तीनशे पुरे होतात."

काकीने पाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हाऱ्यातल्या तिसऱ्या पुन्हा धुवायला बसली. दहा मिनिटांनी ती परत म्हणाली, "बाय, बेगिन." नेमका शेवटचा मासा ऐदी निघाला. चार मिनिटं झाली तरी पाचही हात आपापल्या वाटेने. मथुरा त्याला शिव्या घालत होती, "अरे मेल्या, एकाचा तरी आयक!" सहाव्या मिनिटाला तो वळला. मी आकडा लिहिला. आम्ही उठलो तेव्हा आठ वाजून गेले होते आणि जुवा निम्मा पाण्यात होता.

नेहमीपेक्षा पाणी वीतभर चढलेलं होतं, शिवाय वारा. ओळ अशी होती : आनंदी, इंदू, मी, काकी आणि टोकाला मथुरा. त्यांच्या डोक्यावर हारे, माझ्या डोक्यावर परात, परातीत वही मेणकापडात गुंडाळलेली. पहिली तीस पावलं कमरेएवढ्या पाण्यात बरी गेली. मग तळ पायाखालून निघायला लागला. पाणी छातीला आलं. त्या चौघींत पोहता एकीलाही येत नव्हतं. कोळणी कशाला पोहायला शिकतील, होडी असते. मला येत होतं, दादरच्या तलावातलं.

"कोणाक लागता काय?" काकी ओरडली.

"नाय."

"नाय."

मला भीती वाटली. ती भीती मला अजून तशीच्या तशी आठवते. आणि मग मला माझ्या लाल चिंध्या दिसल्या. खालच्या अंगाला, ओळीने, पाण्यावर फडफडत. सगळ्या पाण्यात सरळ असं तेवढंच काहीतरी होतं.

त्याच वेळी टोकावरून मथुरा ओरडली, "हंय! हंय! घट असा!"

ती वरच्या अंगाला होती. पाणी तिच्या फक्त कमरेला लागलेलं मला दिसलं. मला ते दिसलं, हे लिहिलंच पाहिजे.

"नाही!" मी ओरडले. "इकडे! काठ्यांकडे! मी मोजलंय! मी मोजून ठेवलंय!" आणि मी खाली ओढायला लागले.

आनंदी आणि इंदू माझ्या बाजूला होत्या, त्या माझ्याबरोबर ओढल्या गेल्या. मथुरा वर ओढत होती. मध्ये काकी. क्षणभर ओळ ताणून राहिली. काकीचं तोंड माझ्याकडे वळलं, मग मथुराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मग एकदम झटका बसला आणि ओळ माझ्या बाजूला आली. आम्ही चौघी खाली वाहिलो. मला वाटलं, मी जिंकले. खरंच असं वाटलं, जिंकले.

तिसऱ्या काठीपाशी आमच्या पायाखाली काहीच नव्हतं.

इंदूचा हारा गेला, माझी परात गेली. मी पाण्याखाली गेले, वर आले, आनंदीने माझे केस धरले. काकी काठीला चिकटली आणि काठी तिच्यासकट कलली. मथुरा वर एकटी उभी होती. घट्ट जमिनीवर उभी होती. ती "हंय! हंय!" ओरडत होती आणि आमच्याकडे हात लांब करत होती. तिने डोक्यावरचा हारा टाकून दिला. मग ती एक पाऊल पुढे आली. मग दुसरं. एकट्या माणसाला त्या धारेत उभं राहता येत नाही. ओळीला येतं.

जाळं काढून परतणारी एक होडी आमच्या हाका ऐकून वळली. आम्हाला चौघींना काठीपाशी उचललं. मथुरा दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली, खाडीच्या पलीकडच्या किनाऱ्याला.

मला कोणी काही बोललं नाही. उलट वाडीतल्या बायकांनी मला पेज करून आणून दिली. "दर्यान न्हेल्यान," म्हणत होते सगळे. मथुराचा नवरा सदू रत्नागिरीला ट्रॉलरवर होता, तो आला, ओसरीवर भिंतीला टेकून बसला. माझ्याकडे बघून त्याने हात जोडले. कशाबद्दल जोडले ते मला कळलं नाही.

वही मेणकापडामुळे कोरडी सापडली होती, कोणीतरी आणून दिली. पुढे तिच्यावर प्रबंध झाला, पदवी मिळाली, पोरांना तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. नसांचं ते कडं कापलं की तारामाशाचे हात एकमेकांचं ऐकेनासे होतात आणि आपापल्या दिशेला ओढत राहतात, असा एक प्रयोग बाकी होता. तो मी केला नाही. सरांना सांगितलं, मासे मिळाले नाहीत.

तेरावं झाल्यावर चौदाव्या दिवशी सकाळी मी काकीकडे गेले. मनाशी पक्कं केलं होतं की सगळं सांगायचं, पाय धरायचे, आणि संध्याकाळच्या एसटीने मुंबई. सदू बंदरावर गेला होता. काकी मागल्या पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होती.

"इलंस? बस."

"काकी, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या दिवशी मी जी ओढ..."

"वायच थांब," ती म्हणाली. हातातली सोलं तिने सुपात ठेवली, पदराला हात पुसले. "आदी माजा आयक. हात कसो सुटलो, तुका ठावक असा?"

"माझ्यामुळे. मी ओढलं म्हणून."

"तुज्या वडण्यान सुटाक तो काय बोटांनी धरलेलो? मनगटाक मनगट धरलेला." तिने आपला उजवा हात पुढे केला. मनगटाच्या आतल्या बाजूला चार नखांचे ओरखडे होते, खपल्या धरलेले. "ह्या मथूचा. ती सोडत नाय होती. मियां झटकलंय."

तिने हात तसाच पुढे धरून ठेवला.

"ती वडी, तूय वडी. दोगींका धरून ऱ्हवलंय तर मियां मदीच फाटतंय असा झाला. तीस वर्सां मियां पायान चललंय, बाय. त्या दिसा माका वाटला, ह्या शिकलेला चेडू, ह्येना दोरी लावन मोजलेला असा. ह्येका ठावक असतला. मथूक काय ठावक?" तिने हात मागे घेतला. "माज्या सुनेक मियां सोडलंय नि तुका धरलंय."

बाहेर कोणाची तरी कोंबडी पडवीत शिरली. काकीने तिला हुसकावलं नाही. कोंबडी सुपाभोवती फिरत राहिली.

"कोणाक सांगूक नाय मियां. सदूक तर नायच. तुका सांगतंय, कारण तुका एक इचारूचा असा." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुजे काठये बरोबर होते मां?"

मी तिच्या मनगटाकडे पाहिलं.

"बरोबर होत्या, काकी," मी म्हणाले. "पाणीच जास्त चढलं होतं."

तिने डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आलेले मला दिसले. "मगे बरा," ती म्हणाली. "मगे दर्याचीच करणी ती. मियां खोट्याक नाय सोडलंय तिका." जरा वेळाने तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं. मला वाटलं, झालं. जन्मात एक पुण्याचं खोटं बोलले. ते तिच्यासाठी बोलले की माझ्यासाठी, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मी उठले. दारापर्यंत गेले होते.

"कुंदाबाय."

"काय काकी?"

"ते काठये काडू नको हां. उद्या पुनव. जुव्यार जाऊक नको तर पोटाक काय? आनंदी, इंदू नि तेंच्या दोन भैणी, चौगी जातले. मियां सांगलंय तेंका, आता चाचपत बसा नको. कुंदाबायच्या काठयेंनी जावा. मोजलेले असत."

मी दारात उभी राहिले. एसटी साडेचारला होती. मी म्हणू शकत होते की काठ्या सरकल्या असतील, कलल्या असतील, मी आज संध्याकाळी जाऊन उपटून टाकते. पण काकीने तेवढ्याने ऐकलं नसतं. ती म्हणाली असती, सरळ करून घेतो, घट्ट ठोकतो. तिच्या सुनेच्या बदल्यात मिळालेल्या काठ्या होत्या त्या.

मी परत येऊन तिच्यासमोर बसले.

"काकी, काठ्यांनी जायचं नाही. त्या चुकीच्या होत्या. तिसरी काठी खड्ड्यात होती. त्या दिवशी सकाळी जातानाच मी पाहिलं होतं. वहीत लिहूनही ठेवलं होतं. मथुराला तळ लागला होता, तोच बरोबर होता."

सुपातलं एक एक सोल ती उलटं करत होती. सगळी उलटी करून झाली, तेव्हा तिने पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. मी तिचे पाय धरायला वाकले, तर तिने पाय पदराखाली घेतले.

"आनंदीक सांगतंय मियां," ती शेवटी म्हणाली. "काठयेंनी जाऊ नका म्हणान."

"हो."

"सदूक सांगू नको."

"नाही सांगणार."

ती सूप घेऊन उठली. उंबऱ्यात थांबली, पण माझ्याकडे वळली नाही.

"माकाय सांगूक नको होतंस, बाय."